लांज्याहून आणलेली पापलेटं

आईचा नवस मी तिला न विचारता फेडून टाकला.

नवस तिचा, देवी तिच्या माहेरची, मासे सोडलेले तिनं. माझा त्या सगळ्यात सहभाग एवढाच, की आजारी मी होतो. पण तेवढ्या अधिकारावर मी एका सकाळी लांज्याची एसटी पकडली आणि संध्याकाळपर्यंत असा काही घोळ घालून ठेवला, की तो निस्तरायला आमच्या घराला कित्येक वर्षं लागली.

आधी आजाराचं सांगतो. नववीत होतो. सहामाही तोंडावर आलेली आणि गणिताशी माझं जुनं वैर. मांडवीच्या आमच्या घरात पुस्तकात डोकं घालून मी देवीला मनातल्या मनात म्हटलं, परीक्षा बुडू दे, तुला नारळ देतो. पुढच्याच आठवड्यात मला ताप आला. हिरड्यांतून रक्त यायला लागलं, पायांवर लाल ठिपके उठले, आणि रत्नागिरीच्या डॉक्टरांनी रक्ताचा रिपोर्ट बघून वडिलांना तेवढं बाहेर बोलावलं. रक्ताचा कॅन्सर. परीक्षा बुडाली. नुसती सहामाही नव्हे, वार्षिकसुद्धा. देवीनं माझं ऐकलं होतं, फक्त जरा जास्तच मनावर घेतलं होतं. हे मी कोणाला सांगितलं नाही. माझ्या नारळात काहीतरी भयंकर ताकद आहे असा माझा समज मात्र तेव्हापासून झाला, आणि पुढच्या सगळ्या मूर्खपणाचं मूळ तिथं आहे.

वडील नोकरी सांभाळून रत्नागिरीत राहिले, सुट्टीला येऊन जायचे. मी आणि आई मुंबईला. मी हॉस्पिटलात, आई शेजारच्या धर्मशाळेत. तिथं नळावर बादली लावून उभी असताना ती पहिल्याच दिवशी करवादली, "त्या मेल्यानं पाणी बंद केलंन वाटतं!" तर मागून आवाज आला, "रत्नागिरीच्या काय हो तुम्ही?"

मागं डोक्यावरून ओढणी घेतलेली एक बाई हंडा घेऊन उभी होती. खाडीपलीकडच्या गावची. नवरा बोटीवर, कुठल्या समुद्रात ते तिलाही नक्की ठाऊक नसायचं. तिचा मुलगा माझ्याच वॉर्डात, माझ्याच शेजारच्या खाटेवर, माझ्याच रोगानं झोपलेला होता. मुंबईत दुसऱ्या कोणाला कळलं नसतं, पण 'केलंन' ऐकल्यावर त्या दोघींना एकमेकींबद्दल आणखी काही विचारावं लागलं नाही. त्या दिवसापासून धर्मशाळेतला एक गॅस दोघींचा झाला. त्या एकमेकींना 'बाय' म्हणायच्या. तो मुलगा माझ्या आईला मावशी म्हणायचा, मी त्याच्या आईला खाला. आम्ही दोघं एकमेकांना टकल्या म्हणायचो. त्यावरून वाद व्हायचं कारणच नव्हतं.

तो माझ्याहून वर्षानं मोठा आणि अकलेनं बराच. पाठीच्या मणक्यात औषध सोडायचं असलं की कुशीवर होऊन गुडघे पोटाशी घ्यावे लागत. डॉक्टर म्हणायचे, धनुष्यासारखा वाक. मी आयुष्यात धनुष्य पाहिलेलं नाही. पहिल्या वेळी मी इतका वाकडातिकडा झालो की सुई तीनदा टोचावी लागली. दुसऱ्या वेळी मला आत नेत होते तर हा खाटेवरून ओरडला, "टकल्या, कोळंबी हो! कोळंबी!" मी कोळंबी झालो. सुई एका झटक्यात बसली. हे डॉक्टरांना सुचायला हवं होतं, पण ते देशावरचे होते.

खाण्याचं मोठं प्रकरण होतं. रक्तातल्या पांढऱ्या पेशी खाली गेल्या की बाहेरचं काही चालत नसे. घरचं, गरम, पूर्ण शिजलेलं अन्नच हवं. त्यातच गोळ्या अशा, की एका आठवड्यात तोंडात फोड येऊन थुंकी गिळवत नसे, आणि दुसऱ्या आठवड्यात इतकी भूक लागे की मी भिंतीवरच्या कॅलेंडरातल्या फळांकडे वाईट नजरेनं बघत बसे. गाल फुगून माझा केंड मासा झाला होता. त्या भुकेच्या दिवसांत आम्हा दोघांना एकच गोष्ट हवी असायची. मासे. बांगड्याचं तिखलं आणि भात, सकाळी उठल्याबरोबर.

आई करायची. पण चाखायची नाही. वॉर्डात माझा पहिला मोठा ताप उतरेना तेव्हा तिनं लांज्याजवळच्या तिच्या माहेरच्या देवीला नवस बोलला होता. बरं झालं की देवळाला नारळांचं तोरण, आणि तोवर मासळी तोंडाला लावणार नाही. लोक साखर सोडतात, भात सोडतात, चपला सोडतात. पण मांडवीतल्या घरात मासे सोडणं म्हणजे काय ते घाटावरच्या माणसाला समजावून सांगता येणार नाही. ही बाई बाजारातून येताना वाटेत पिशवीत डोकावून माशांशी बोलायची.

मग तिखलं उकळलं की चाखायची खाला. आई डावानं एक थेंब तिच्या तळहातावर टाकायची. खाला फुंकर मारून चाटायची आणि सांगायची, "मीठ घाल," किंवा, "बस्स." हे इतकं अंगवळणी पडलं होतं की खालाचा हात न बघताच पुढं यायचा.

मधे रमजान आला. खालाला रोजा. दिवसभर तीही काही तोंडात घालू शकत नव्हती. त्या महिन्यात तिखल्यातलं मीठ म्हणजे शुद्ध नशीब झालं. एक दिवस समुद्र, एक दिवस पाणी. शेजारी घास तोंडात धरून म्हणाला, "एकीचा नवस, एकीचा रोजा, आणि मधल्यामधे मरण आपलं."

तो असं सहज बोलायचा. मी पण हसायचो.

वॉर्डातून मुलं घरी जायची ती दोन तऱ्हांनी. एक तऱ्हा म्हणजे आई पिशव्या भरते, नर्सना पेढे वाटते, मुलगा टोपी घालून सगळ्यांना टाटा करतो. दुसरी तऱ्हा म्हणजे सकाळी उठून बघावं तर समोरच्या खाटेवर नवी चादर. विचारलं तर नर्स म्हणायची, "घरी गेला." आम्ही नव्या चादरीबद्दल कधी बोललो नाही. तो फक्त कुशीवर वळून विचारायचा, "टकल्या, आज जेवायला काय?" त्यावरून मी ओळखायचो की त्यानंही बघितलंय.

आम्ही दोघंही पहिल्या तऱ्हेनं घरी आलो. आधी मी, मग बऱ्याच महिन्यांनी तो. त्याच्या उपचारांत मधे मधे खंड पडत गेला, कधी ताप, कधी लिव्हर, म्हणून तो माझ्या मागं राहिला. घरी आल्यावरही गोळ्या होत्या, तपासण्या होत्या. मी पुन्हा नववीत बसलो. माझे जुने मित्र दहावीच्या वर्गातून माझ्याकडे असे बघायचे, जसा मी काचेचा आहे आणि हात लावला तर बिल त्यांच्या नावावर फाटेल. मी याचा यथास्थित फायदा घेतला. गृहपाठ झाला नसला की कपाळाला हात लावून डोळे मिटायचे, बस. गणिताच्या मास्तरांचा आवाज मऊ व्हायचा. आळीत आजाराचं नाव कोणी घ्यायचं नाही. "मोठं दुखणं झालं होतं ना त्याला," असं म्हणायचे. मोठं दुखणं. जणू मी काहीतरी पराक्रम केला होता.

आणि मग एका फेरीला मुंबईच्या डॉक्टरबाई म्हणाल्या, "औषधं बंद. आता फक्त तपासणीला येत राहायचं. काही वर्षं लक्ष ठेवावं लागेल."

मला यातलं पहिलं वाक्य तेवढं ऐकू आलं.

परतीच्या गाडीत आई खिडकीकडे तोंड करून बसली होती. मला वाटत होतं ती आता म्हणेल, चला, नवस फेडू. घरी आलो, दिवस गेले, आई आम्हाला सुरमई तळून वाढायची आणि स्वतः डाळभात खायची. मी ठरवलं की ती विसरली आहे, किंवा घाबरते आहे. तिला एकदम खूश करून टाकावं. माझ्या नारळाचा हात चांगला होताच.

एका बुधवारी मित्राकडे अभ्यासाला जातो म्हणून निघालो आणि लांजा गाठलं. तिथून रिक्षानं आजोळी. नारळांचं तोरण स्टँडसमोरूनच घेतलं होतं. देवळात गुरव होते आणि खांबाला टेकून एक म्हातारा होता. गुरवांनी मला ओळखलं. "तू म्हंजे आमच्या माहेरवाशिणीचा झील. बरा झालास?"

"पूर्ण," मी म्हणालो.

"आई नाय आली?"

"तिला बरं नाही." हे खोटं होतं, पण निर्दोष वाटलं.

"बरं. बोल पुरा सांग. अर्धा सांगू नको. नवस कशाचा होता?"

"मी बरा होण्याचा."

"एवढाच?"

"एवढाच."

गुरवांनी देवीसमोर गाऱ्हाणं घातलं. तुझ्या लेकीनं आपल्या लेकरासाठी जो बोल बोललान तो आज पुरा झाला माउली, लेकरू आपल्या पायानं तुझ्या पायरीशी आलंय, नारळ गोड मानून घे आणि बोलाची गाठ सोडव. खांबाशी बसलेला म्हातारा आणि मी, दोघांनी मिळून "व्हय म्हाराजा" म्हटलं. माझा आवाज त्याच्याहून मोठा होता.

लांज्याच्या स्टँडवर परत आलो तर बाहेर एक मासेवाली पाटी घेऊन बसलेली. पाटीत पापलेटं. माझ्या डोक्यात वीज चमकली. आईचा पहिला घास! मांडवीला पोचेपर्यंत उशीर होईल, तिथला बाजार उठेल, असा दूरदर्शी विचारही मी केला. सांगायला लाज वाटते, पण सांगतो. समुद्रापासून हाकेच्या अंतरावर राहणाऱ्या माणसानं डोंगरातल्या लांज्यात मासे विकत घेतले आणि भर उन्हात एसटीनं समुद्राकडे आणले. मी विचारलं, "ताजी आहेत का?" ती म्हणाली, "आत्ताच आली." कुठून, ते मी विचारलं नाही. कल्ले उघडून बघायचे असतात हे मला माहीत होतं. पण नवस फेडून आलेल्या माणसानं असल्या गोष्टीत पडू नये असं वाटलं. पाली येईपर्यंत माझ्या शेजारची बाई उठून मागं गेली होती. हातखंब्याला कंडक्टर म्हणाला, "ते जे काय आहे ते खिडकीबाहेर धर."

घरी आलो. आई ओट्यापाशी होती. मी पिशवी पुढं केली आणि म्हणालो, "आई, आजपासून खा! नवस फेडून आलो."

तिनं पिशवी घेतली नाही. हात पदराला पुसत राहिली.

"कुठला नवस?"

"तुझा. देवीचा. तोरण बांधलं, गाऱ्हाणं घातलं."

"गुरवाला काय सांगितलंस?"

"मी बरा झालो म्हणून."

"आणि?"

"आणि काय?"

आई पाटावर बसली. तिच्या चेहऱ्याचा रंग असा गेला की मला वाटलं माशांच्या वासानं चक्कर आली असेल. मग ती अगदी हळू म्हणाली, "दोघांचा होता रे. दोन पोरांचा होता. त्याच्या गोळ्या अजून चालू आहेत ना."

मला हे कोणी सांगितलं नव्हतं. परक्याच्या पोरासाठी, त्यातून दुसऱ्या धर्माच्या, नवस बोलली म्हणून नातेवाईक नाकं मुरडतील, म्हणून तिनं ते कोणालाच सांगितलं नव्हतं. खालालासुद्धा नाही. देवीला तेवढं माहीत होतं, आणि देवीला मी जाऊन नेमकं उलटं सांगून आलो होतो.

पापलेटं मांजरानंही खाल्ली नाहीत.

दुसऱ्या दिवशी आई स्वतः देवळात जाऊन आली. गुरव म्हणाले, फिटला तो फिटला, परत बांधायचा तर नव्यानं बोला. तिनं नव्यानं बोलला, आता एकट्या त्याच्यासाठी. मासे बंदच. मला ती एका शब्दानं रागावली नाही. रागावली असती तर बरं झालं असतं.

मी खाटेच्या शेजाऱ्याला फोन करून सगळं सांगितलं. तो पोट धरून हसला. "टकल्या, तुझ्या देवीला माझ्या गावचा पत्ता माहीत होता का पण? खाडी ओलांडते ती?" मग लांज्याच्या पापलेटांचं ऐकून तो इतका हसला की त्याला ठसका लागला आणि फोन खालानं काढून घेतला. पुढं कित्येक दिवस तो फोन उचलला की म्हणायचा, "बोला, लांज्याचं पापलेट."

महिना-दीड महिना गेला असेल. त्याच्या दंडावर निळे डाग दिसले. तो म्हणाला क्रिकेट खेळताना लागलं. खालाला ते डाग कुठले ते कळलं होतं. मुंबईला रक्त तपासलं. रोग परत आला होता.

त्या दिवशी मी समुद्रावर जाऊन बसलो आणि गणित केलं. आयुष्यात पहिल्यांदा आपण होऊन. नारळ एक, परीक्षेसाठी. त्यातून मला आजार. नारळ दुसरा, माझ्या नावानं. त्यातून त्याला. आज हे लिहिताना हसू येतं, पण सोळा वर्षांच्या पोराला ते बरोबर सुटलेलं गणित वाटलं. पडताळासुद्धा जुळत होता.

आई आणि मी मुंबईला जाऊन आलो. धर्मशाळेतल्या त्याच गॅसवर दोघींनी पुन्हा एकदा बांगडे केले. मी वॉर्डात शिरलो. त्याच खाटा, तोच औषधाचा वास, आणि मला डोक्यावर भरघोस केस. टोपी घालून यायला हवं होतं. त्याची नजर माझ्या केसांवरून कपाळावर उतरली.

"भुवया पण आल्या की रे," तो म्हणाला. "दाखवायला आणल्यास काय?"

मी म्हणालो, "तुला हव्या तर देतो एक."

"ठेव. तुझ्या तोंडाला आधार आहे तेवढाच."

त्यानं दोन घास खाल्ले आणि ताटली बाजूला सारली. पूर्वी काटेसुद्धा चोखायचा. खाला आणि आई बाहेर गेल्या तशी त्यानं विचारलं, "टकल्या, तुमच्यात नवस पुरा झालाच नाही तर काय होतं?"

"म्हणजे?"

"म्हणजे मी झालोच नाही बरा. मग मावशी मासे कधी खाणार?"

मला काहीतरी विनोदी सुचायला हवं होतं. तेवढ्यासाठीच तर मी होतो. मी म्हणालो, "गुरवाला विचारून सांगतो."

"विचार," तो म्हणाला आणि कुशीवर वळला. "आज रात्री जेवायला काय?"

नारळी पौर्णिमा होऊन होड्या समुद्रात गेल्या होत्या, बाजार पुन्हा भरायला लागला होता. त्याच्या खाटेवर नवी चादर घातली गेली तेव्हा मी तिथं नव्हतो. मी वर्गात होतो, शेवटच्या बाकावर, कपाळाला हात लावून.

आम्ही खाडीपलीकडच्या गावी पोचलो तोवर दफन होऊन गेलं होतं. त्याचे वडील बोटीवर, त्यांनाही पोचता आलं नव्हतं. आई आत बायकांत गेली. मी ओट्यावर चपलांच्या ढिगाशी उभा राहिलो. तीन दिवस त्या घरात चूल पेटायची नव्हती, शेजारच्या घरांतून जेवण यायचं. ताटं मांडली तेव्हा आतून खालाचा बसलेला आवाज ऐकू आला. "बायला मासे वाढू नका ग. तिला डाळ द्या."

निघताना मी तिच्या पुढ्यात गेलो. तिनं माझ्या डोक्यावरून हात फिरवला. फिरवत राहिली. "केस छान आले," ती म्हणाली.

त्यानंतर मी त्या गावी गेलो नाही. आई जायची, ईदला, वर्षाच्या दिवसाला. मला दर वेळी काहीतरी काम असायचं. कधी परीक्षा, कधी ताप. ताप खराच असला तर घरात कोणी झोपायचं नाही, खोटा असला तर मला झोप यायची नाही. तपासण्या चालू होत्या. दर वेळी रिपोर्ट हातात पडेपर्यंत मी हॉस्पिटलच्या जिन्याच्या पायऱ्या मोजायचो, आणि चांगला आला की त्याच पायऱ्या उलट्या मोजत उतरायचो. आपला रिपोर्ट चांगला आल्याची बातमी कोणाला तरी हसत सांगावी, आणि सांगायचा माणूसच नसावा. असं प्रत्येक वेळी व्हायचं.

आई मासे खात नव्हती. खाणार कशी? अट होती तो बरा होण्याची, आणि ती अट पुरी करायला तोच उरला नव्हता. मी एकदा गुरवांना खरंच विचारलं. म्हटलं, सोडवा की ही गाठ. त्यांनी समईची वात सारली. म्हणाले, "ज्याच्या नावानं बोललान तोच नाय. मी गाऱ्हाणं घालू कोणाच्या नावानं?"

तेव्हा आमच्या घरात माशाचं मीठ कायमचंच नशिबावर गेलं. वडील निमूट खायचे. मी एकदाच म्हणालो, खारट झालंय. आईनं माझ्याकडे बघितलं. पुन्हा नाही म्हणालो.

गेल्या तपासणीला डॉक्टरबाईंनी फाइल मिटली आणि म्हणाल्या, "तू बरा झालास. आता वर्षातून एकदा तोंड दाखवलंस तरी पुरे." मी आता नोकरीला आहे, दाढी आहे, पोट सुटू लागलंय. आईनं खालाला फोन केला. ती बातमी तिला कशी सांगितली ते मी ऐकलं नाही, मी मुद्दाम नळ सोडून ठेवला होता.

चार-दोन दिवसांत खाला दारात. रमजान चालू होता. ईदच्या कपड्यांसाठी रत्नागिरीला आले होते म्हणाली, पण हातात केळीच्या पानात बांधलेले बांगडे होते. केस पांढरे झालेले. सरळ स्वयंपाकघरात गेली, आईला ओट्यावरून बाजूला केलंन, आणि तिखलं टाकलंन. मी दारात उभा. उकळी आली तशी तिनं डाव उचलला.

"बाय, हात पुढं कर."

आईचा हात पदरातच.

"मला रोजा आहे. चव तू बघायचीस," खाला म्हणाली. "पोरगा बरा झाला तुझा. आता काय?"

"मला चालत नाहीत ग," आई म्हणाली.

"अजून?"

मग मीच बोललो. इतकी वर्षं टाळलेलं सगळं एका दमात, नवस दोघांचा होता इथपासून, मी नारळ दिला, गुरवाला अर्धा बोल सांगितला, त्यानंतरच त्याला डाग आले, म्हणून आई, म्हणून मासे. बोलताना माझा आवाज चिरकला आणि मी नाकानं शिंकरल्यासारखा काहीतरी आवाज काढला.

खाला डाव धरून ऐकत होती. "माहीत आहे मला," ती म्हणाली. "पोरानं त्याच दिवशी सांगितलंन. फोन ठेवला आणि मला म्हणतो, आई, मावशीनं माझ्यासाठी पण मासे सोडलेत. किती दिवस तेच सांगत होता सगळ्यांना. वॉर्डातल्या नर्सला पण सांगितलंन."

आई मान वर करून तिच्याकडे बघायला लागली.

"तू बोलली नाहीस, म्हणून मी पण बोलले नाही," खाला म्हणाली. "मला वाटलं, तुझ्या देवीचं आणि तुझं. पण आता बस्स कर, बाय. तो खाणारा पोर होता. शेवटी शेवटी त्याला नुसता वास पुरायचा, तरी विचारायचा जेवायला काय. त्याच्या नावानं कोणी अर्धपोटी राहिलेलं त्याला आवडेल काय? हात कर."

आईनं हात पुढं केला. खालानं एक थेंब तळहातावर टाकला. तांबडा, वर तेलाचा तवंग. आई त्या थेंबाकडे बघत राहिली, तो निवून गेला तरी बघत राहिली. मग तिनं फुंकर मारली, उगाच, सवयीनं, आणि चाटलं.

"मीठ कमी आहे," ती म्हणाली, आणि ओट्याला धरून रडायला लागली. खालानं मीठ घातलं, ढवळलं, आणि दुसरा हात तिच्या पाठीवर ठेवला. तीही रडत होती, पण डाव थांबला नाही.

मला गप्प बसता आलं असतं. पण मी म्हणालो, "पण खाला, मी तो नारळ दिला नसता तर कदाचित..."

ती गर्रकन वळली. "मांडवीत राहून लांज्याहून मासे आणणारं खुळं तू! तुझ्या नारळावर माझा पोरगा जगणार-मरणार होता काय रे, गाढवा? बस खाली, कोथिंबीर निवड. पिवळी पानं काढ, आणि कळत नसेल तर ह्या वेळी तरी आईला विचार!"